एकच प्रश्नसंच घ्या, पण तो पुरता संपवा
(परदेशात एमबीबीएस करणारे विद्यार्थी व त्यांच्या पालकांसमोर यवतमाळ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर पुसद, उमरखेड, दिग्रस, आर्णीची मुलं-मुली दिसतायत. कुणी सुट्टीला आलंय, कुणी पदवी घेऊन परतलंय. मागच्या रांगांत अम्मी-अब्बूही बसलेत, म्हणून काही गोष्टी पैशांच्या भाषेत बोलणार आहे. मी दारव्ह्याची. अब्बू जिनिंगवर मुनीम होते. किर्गिझस्तानात डॉक्टर होऊन आले, आणि इथल्या परीक्षेत पहिल्या वेळी नापास झाले. आज त्या नापास होण्याबद्दल सांगायला उभी आहे.

बहुतेक देशांतली वैद्यकीय पदवी घेऊन आलं की इथे नोंदणीसाठी एफएमजीई पास व्हावी लागते. 2002 पासून ही परीक्षा सुरू आहे आणि वर्षातून दोनदा होते. एका दिवसात 300 प्रश्न, 150-150 चे दोन भाग, पास व्हायला 150 गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पण अनेक सत्रांत चौघांतला एकही पास होत नाही, असे निकाल लागलेत.

माझे 128 आले होते. तयारी कमी होती असं नाही. उलट सामान जास्त होतं. दोन ॲपची वर्गणी, एका क्लासची टेस्ट सिरीज, आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवलेल्या चोरीच्या पीडीएफचा ढीग. अब्बूंनी त्यासाठी सोसायटीतून कर्ज उचललं होतं. मी रोज नवीन प्रश्न सोडवायचे, टक्के पाहायचे, पुढे जायचे. चार संच अर्धवट झाले, एकही पूर्ण झाला नाही.

निकालानंतर त्या पीडीएफ पुन्हा उघडल्या. क्षयरोगाच्या गोळ्या कशा द्यायच्या, या प्रश्नाला उत्तर होतं: आठवड्यातून तीन दिवस. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 2017 पासून देशभर रोजची गोळी आहे. म्हणजे मी जुनं, चुकीचं उत्तर मेहनतीनं पाठ करत होते. सामाजिक वैद्यकशास्त्राला, म्हणजे आपण ज्याला पीएसएम म्हणतो त्याला, 30 गुण आहेत. परदेशातल्या वर्गात भारताचे आरोग्य कार्यक्रम कुणी शिकवत नाही. तेव्हा नेमकं जिथे आपण कच्चे, तिथेच जुना संच घात करतो.

म्हणून संच निवडताना आधी फुकटचे नमुना प्रश्न सोडवा. मॅरो घ्या, प्रेपलॅडर घ्या, की आणखी कुठला. नावापेक्षा खालचं स्पष्टीकरण वाचा. बरोबर पर्याय का बरोबर, एवढंच लिहिलंय, की उरलेले तीन का चूक तेही सांगितलंय? क्षयरोगाचा, लसीकरणाचा प्रश्न उघडा. आजच्या नियमाप्रमाणे आहे का बघा. एक्स-रे, त्वचेचे फोटो, ईसीजी यांवर प्रश्न आहेत का बघा. परीक्षेला तीन-चार महिनेच उरले असतील, तर तेवढ्याच मुदतीची वर्गणी मिळते का विचारा. आणि पालकांनो, दोन संचांचे पैसे जवळ असले तरी एकच घ्या.

‘मागच्या परीक्षेतले खरे प्रश्न’ म्हणून जे विकलं जातं, त्याच्या मागे लागू नका. या परीक्षेची प्रश्नपत्रिका बाहेर येत नाही; बसणारा प्रत्येक जण गोपनीयतेची अट मान्य करून बसतो. मग ते प्रश्न कुणाच्या तरी आठवणीतले असतात, पर्याय इकडचे तिकडे झालेले असतात. शिवाय आपण ज्या अटीखाली सही करतो, ती मोडून डॉक्टर होणं मला तरी पटत नाही.

दुसऱ्या वेळी मी एकच संच ठेवला. रोज 50 प्रश्न, घड्याळ लावून, कारण परीक्षेत 150 मिनिटांत 150 प्रश्न असतात. आधी एकेक विषय, शेवटचे दोन महिने सगळे विषय मिसळून. शंभर पानी वही घेतली. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका खान्यात: माहीतच नव्हतं, वाचलं होतं पण विसरले, आणि प्रश्न नीट वाचला नाही. पंधरा दिवसांनी वही उघडली तर तिसरा खाना सगळ्यात लांब! दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मी. घाईत ‘एक्सेप्ट’ हा शब्द डोळ्यांखालून निसटायचा. त्यावर महागडी वर्गणी काय करणार? प्रत्येक प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावली. त्या वेळी 162 आले.

आता त्या वहीतला एक प्रश्न सांगते. फवारणीतून विषबाधा झालेला रुग्ण, ॲट्रोपीन चालू आहे. पुरेसं झालं हे कशावरून ओळखाल? मी लिहिलं होतं: बाहुल्या मोठ्या झाल्यावर. चूक. छातीतला स्राव आटून श्वास मोकळा झाला का, हे बघायचं असतं. बाहुल्यांवर विसंबलं तर फसगत होते.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. माझ्या इंटर्नशिपमध्ये, सप्टेंबरच्या एका रात्री, असाच एक मजूर आणला. तोंडाला फेस, अंग घामानं भिजलेलं. वरिष्ठ डॉक्टरांनी ॲट्रोपीन सुरू केलं आणि मला विचारलं, “काय बघत राहशील?” मी म्हटलं, “छाती, सर.” रात्रभर दर काही मिनिटांनी स्टेथोस्कोप लावत बसले. पहाटे छाती मोकळी वाजली. चौथ्या दिवशी त्याची बायको त्याला घेऊन गावी गेली.

तो प्रश्न मला आठवला, कारण मी तो चुकवला होता आणि हातानं लिहून काढला होता. बरोबर आलेले हजार प्रश्न मी विसरले असेन.

एफएमजीईच्या जागी नेक्स्ट आणायची तरतूद 2019 च्या कायद्यात आहे. उद्या परीक्षेचं नाव बदलेल, पण वहीचे तीन खाने तेच राहतील.

चहा झाल्यावर मी इथेच बसणार आहे. ज्यांनी परीक्षा दिलीय आणि पास झाले नाहीत, त्यांनी आधी या. लाजू नका. किती संच घेतले ते मी विचारणार नाही; कुठे चुकलं ते सोबत बसून शोधू.