दडविलेला ताप

(पलूस येथे आशा सेविका व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोगाविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मी एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक व थोडीशी द्राक्षबाग राखणारा शेतकरी. मी कोरोनातून बरा झालो, एवढ्याच कारणाने आपण मला येथे बोलाविले आहे. परंतु आमच्या घरात या रोगाने दोघांना गाठले आणि त्यांपैकी एकच परत आला. म्हणून ही हकिगत पुरती सांगणे मला भाग आहे.

आपल्या जिल्ह्याला या रोगाची ओळख झाली ती इस्लामपुरात. २३ मार्च २०२० रोजी सौदी अरेबियाहून परतलेल्या एकाच कुटुंबातील चौघे बाधित आढळले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या संपर्कातील बाधितांसह ही संख्या वीसच्या वर गेली. कोण कोणास भेटले याच्या याद्या झाल्या, त्या माणसांना वेगळे ठेवण्यात आले, परिसर बंद करण्यात आला आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार होऊन रुग्ण बरे होऊन घरी परतले. खरी माहिती वेळेवर मिळाली तर रोगाची साखळी तोडता येते, हा धडा आपल्याला अगदी शेजारीच मिळाला होता. वर्षभराने मी तो विसरलो.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट ऐन भरात होती. आमच्या बागेत माल उतरून खरड छाटणी सुरू झाली होती. साठ वर्षांवरील नागरिकांसाठी १ मार्चपासून लसीकरण सुरू झाले होते. परंतु द्राक्षांचा हंगाम उरकल्यावर जाऊ, असे मी म्हणत राहिलो. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही आण्णा म्हणत असू, दोघे मिळूनच जाऊ म्हणून माझ्यासाठी थांबले.

एके दिवशी संध्याकाळी अंग मोडून आले व रात्री ताप भरला. ऊन बाधले असेल, असे समजून मी गोळी घेतली आणि सकाळी पुन्हा बागेत गेलो. तिसऱ्या दिवशी फोडणीचा वास येईनासा झाला, तेव्हा मनोमन मी काय ते ओळखले. तरीही बोललो नाही. छाटणी अर्ध्यावर थांबेल ही एक भीती होती; पण खरे कारण निराळे होते. काही दिवसांपूर्वी आमच्याच गल्लीतील एका घरात हा रोग आला, तेव्हा त्या घरी दूध घालणे बंद झाले. त्या दारावरून जाताना मीही मान वळवून गेलो होतो. तशीच पाळी आपल्यावर येऊ नये, असे मला वाटले.

पाचव्या दिवशी आशाताई घरी आल्या. त्यांनी माझ्या बोटाला यंत्र लावले. आकडा ९१ आला. एरव्ही तो ९५ च्या वर असावयास हवा. मला धाप लागत नव्हती, मी बसून बोलत होतो. रक्तातील प्राणवायू घटत असतानाही माणसाला ते जाणवू नये, ही या रोगाची फसवी खूण होय. ताईंनी विचारले, “गुरुजी, ताप कधीपासून आहे?” मी म्हणालो, “कालपासूनच.”

मुलांना आयुष्यभर खरे बोलावयास शिकविलेल्या माणसाचे हे उत्तर होते. लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून रुग्ण इतरांना रोग देऊ शकतो आणि पहिल्या काही दिवसांत हा धोका सर्वांत मोठा असतो. त्यामुळे ताईंच्या वहीत संपर्काची मोजणी चुकीच्या तारखेपासून झाली व आरंभीच्या दिवसांत माझ्याबरोबर छाटणी करणारे मजूर यादीतून सुटले. त्यांपैकी एकजण पुढे आजारी पडला. सुदैवाने तो बरा झाला.

मला मिरजेस हलविण्यात आले. नऊ दिवस प्राणवायू लावलेला होता. फुप्फुसांचा मागील भाग मोकळा व्हावा म्हणून तासन् तास पालथे झोपवीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड दिले गेले. प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांना या औषधाचा उपयोग होतो, हे जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीतून दिसून आले होते. गरज नसलेल्यांना त्यापासून लाभ नाही, हेही त्याच चाचणीने दाखविले. ते मनाने घेण्याचे औषध नव्हे.

इकडे घरी आण्णांची तपासणी झाली, ती निर्दोष आली आणि सर्वांना हायसे वाटले. परंतु लागण झाल्यावर आरंभीच्या दिवसांत तपासणीत रोग न सापडणेही शक्य असते. दोन दिवसांनी त्यांना ताप आला. “धाकटा दवाखान्यात आहे, घराला आणखी घोर नको,” असे म्हणून त्यांनी वहिनींना गप्प बसविले. रुग्णालयात पोहोचले तेव्हा त्यांचा आकडा ७८ होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. अंगभर पोशाख चढविलेल्या परक्या माणसांनी त्यांना अग्नी दिला. घरी आल्यावर पुतण्याने मला हे सांगितले. बोलणे टाळण्याची रीत आण्णांनी माझ्यापासून घेतली की मी त्यांच्यापासून, याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही.

शरीर सावकाश सावरले. दारापासून कडुनिंबापर्यंत चालताना दोनदा बसावे लागे. वाढलेली साखर आटोक्यात यावयास वेळ लागला. रोगातून उठलेल्यांनी तीन महिने थांबून लस घ्यावी, असा तेव्हाचा नियम होता. त्याप्रमाणे मी ती घेतली. त्याआधी, जुलै २०२१ मध्ये, कृष्णेला महापूर आला. भिलवडीसारख्या नदीकाठच्या गावांतील कुटुंबांना घरे सोडावी लागली. रोग अजून गेलेला नव्हता आणि माणसे दाटीने एकत्र राहत होती. मी तोंडाला मुसके बांधून त्या लोकांत गेलो, म्हाताऱ्यांशेजारी बसलो आणि आण्णांची हकिगत सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका आजोबांनी मला खुणेने बाजूला बोलाविले व हळूच म्हणाले, “गुरुजी, मला परवापासून कणकण आहे.”

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. ताप दडविण्याची सवय मात्र गेलेली नाही. क्षयरोगाच्या बाबतीत आपण ती रोजच पाहता. म्हणून आपणांस माझी एवढीच विनंती आहे. ताप कधीपासून आहे, हे घरच्यांसमोर एकदा विचारा आणि एकांतात पुन्हा एकदा विचारा. ज्या घरात आजार असेल, त्या घरी दूध पोहोचते की नाही, हेही पाहा. शेजारी पाठ फिरविणार नाहीत, असा भरवसा असेल तर माणूस पहिल्याच दिवशी खरे सांगेल. मला तो भरवसा नव्हता, कारण मी स्वतःच तो दुसऱ्याला दिला नव्हता.