कान्हेरीची पोढी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या वर्षावासात आम्ही दिव्याहून कान्हेरीला गेलो, त्याबद्दल दोन शब्द बोलावेत असे मंडळाने सुचविले. भरलेली लोकल, दादरला गाडी बदलली आणि बोरिवलीला उतरेपर्यंत निम्मी मंडळी ओलीचिंब. कुणी म्हणाले, "परत फिरू या." पण भिक्खू संघ पावसाळ्यात ज्या डोंगरावर मुक्काम करीत असे, तो डोंगर पावसातच पाहायचा असे ठरले होते.

वाट दाखवायला उद्यानातल्याच पाड्यावर वाढलेला एक वारली तरुण सोबत होता. तो म्हणाला, "लेणी नंतर बघा, आधी वर बघा." लेण्यांच्या माथ्यावर खडकात पन्हळी कोरलेल्या आहेत. डोंगराचे पाणी त्यांतून धावत येऊन दाराजवळच्या टाक्यात पडत होते. शतकानुशतकांपूर्वीचे काम, आणि आमच्या डोळ्यांदेखत चालू! इथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि टाकीही जागोजागी आहेत. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने एक पोढी संघाला दान दिली. कल्याणच्याच नंद लोहाराने वाट करून दिली. सातवाहन राजांची नावेही तिथे आहेत, पण आम्हाला हे दोघेच जवळचे वाटले. कल्याण आपल्यापासून चौथे स्टेशन. आणि हंडा भरायला रात्र जागवलेल्या बायकांना पाण्याचे दान काय असते, हे आम्ही काय सांगावे?

एका मुलीने विचारले, "हिमालयातला बर्फ वितळत चाललाय, मग आपल्या नद्यांचं काय?" आपल्या सह्याद्रीच्या नद्यांना बर्फ नाहीच. जो पाऊस पडेल तो अडवला तर आपला, नाहीतर खाडीचा.

आता आमची चूकही सांगतो. एका भिंतीवर ब्राह्मी अक्षरे शेवाळाने झाकली होती. आमच्यापैकी एकाने भक्तिभावानेच शेवाळ खरवडायला किल्ली काढली. त्या तरुणाने त्याचा हात धरला. पावसाने, वाऱ्याने अक्षरे आधीच झिजलीत, त्यात आपली भर कशाला, म्हणाला. पुढे चैत्यगृहात मेणबत्ती लावायलाही त्याने नको म्हटले. तेव्हा मात्र एकजण चिडले, "आपलंच लेणं आणि आपल्यालाच मनाई?" थोडी बोलाचाली झाली. शेवटी काजळीने काळवंडलेला दगड आमच्या ज्येष्ठ उपासिकांनीच बोटाने दाखवला, आणि मेणबत्त्या पिशवीत परत गेल्या. स्तूपासमोर त्रिशरण-पंचशील घेतले. बाहेर पाऊस कोसळत होता, पण आत आवाज असा घुमला की लहान मुलेही गप्प झाली.

परतीच्या गाडीत दुसराच विषय निघाला. आपल्या विहाराच्या गच्चीचे पाणी थेट गटारात जाते. पुढच्या पावसाआधी पन्हळ आणि टाकी बसवायचे ठरले आहे. मिस्त्री येऊन माप घेऊन गेले. देणगीची वही दाराशी ठेवली आहे. सामिदत्तासारखे दगडात नाव कोरून मिळणार नाही, पावती मात्र मिळेल.

नमो बुद्धाय, जय भीम.