चौसिंगा आणि बोंडअळीचा पतंग

पेंचला जाऊन आलेली आपली नागपूरची मंडळी वाघ दिसला की नाही, एवढंच सांगतात. चौसिंगा दिसला म्हणणारा मला अजून भेटायचाय. नराला खरोखरच चार शिंगं असतात; पुढची दोन बोटाच्या पेराएवढी. उंची दोन फुटांच्या आसपास. कळप करत नाही, पाण्यापासून फार लांब जात नाही. लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो, त्यावरूनच त्याचा माग लागतो. भारत आणि नेपाळ सोडून हा प्राणी कुठेच नाही. 1972च्या वन्यजीव कायद्यात तो वाघाच्याच पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसलाय. तरी धोक्यातच.

आता याच्या उलट तऱ्हा बघायला काटोलकडच्या पऱ्हाटीत चला. तिथे रात्री उडतो जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, मातकट रंगाचा पतंग, गुलाबी बोंडअळीचा. याच्या मागावर फवारणी आहे, कामगंध सापळे आहेत, नागपुरातली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तरी 2017 साली त्याच्या अळ्यांनी विदर्भाची बोंडं आतून पोखरली.

चौसिंग्याची मादी आठेक महिने गाभण राहते, पाडसं एक किंवा दोन. पतंगाची मादी शेकड्यानं अंडी घालते आणि महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी उडायला लागते. बीटी कपाशीच्या झाडातच असलेलं विष पचवणारे थोडे जरी वाचले, तरी पुढे शेतभर त्यांचाच गोतावळा.

गंमत म्हणजे या पतंगालाही आपण अभयारण्य देऊ केलं होतं! बीटी बियाण्याबरोबर साध्या बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी यायची. ती शेताच्या कडेनं पेरायची. तिथे विष न पचणारे पतंग वाढावेत, पचवणाऱ्यांशी त्यांची जोडी जमावी आणि त्यांची पिलावळ बीटीला बळी पडावी, असा बेत. पुष्कळ पुड्या बांधावरच राहिल्या. वर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेली पऱ्हाटी, उन्हाळ्यापर्यंत उभी, म्हणजे अळीच्या पंगती उठायलाच नकोत. अर्थात, दोन एकरवाल्याला ‘कडेच्या ओळी अळीसाठी सोड’ म्हणणं इथे स्टुडिओत बसून सोपं आहे.

चौसिंग्याचं अभयारण्य निदान नकाशावर आहे. मात्र मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवतो, वारा सुटतो आणि आग गवतात शिरते. त्याच वाळल्या गवतात चौसिंगा दबून बसलेला असतो.