सजावट केव्हा उतरवायची?



डिसेंबर उजाडायच्या आतच मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये नाताळची झाडं उभी राहतात आणि ख्रिस्ती घरांतला जुना वाद पुन्हा सुरू होतो. चांदणी आत्ताच लावायची की थांबायचं? मुलं म्हणतात, लावू या. आजी म्हणते, अरे, अजून आगमनकाळ चालू आहे. आज मी या वादाबद्दल बोलणार आहे, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. सजावट चार दिवस लवकर चढली, तर मला फारसं वाईट वाटत नाही. ती लवकर उतरते, याचं मात्र वाईट वाटतं.

पाश्चात्त्य परंपरेत ख्रिस्ती उपासनेचं वर्ष १ जानेवारीला नाही, तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे. त्यांतला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो. हा काळ वाट पाहण्याचा आणि पश्चात्तापाचा. धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, रविवारच्या मिस्सेतून ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गाळलं जातं, वेदीवर फुलंही बेतानंच. पूर्वी युरोपात हे दिवस उपवासाचे होते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही नाताळपूर्वी ४० दिवस उपवास धरतात. उपवास चालू असताना दारावर सणाचं तोरण कोण बांधणार? घरातलं झाड कधी सजवावं, याचा चर्चनं लेखी नियम कधी केला नाही. उपासनेची जी लय होती, तिच्यातूनच सजावटीचा दिवस २४ डिसेंबर ठरला.

जर्मनीत ही रीत फार घट्ट होती, आणि कित्येक घरांत अजून आहे. २४ तारखेला बैठकीच्या खोलीचं दार बंद होतं. आत आईवडील झाड उभं करून सजवत असतात. बाहेर मुलांच्या वाट्याला येतो तो फक्त फटीतून येणारा ओल्या लाकडाचा आणि मेणाचा वास. संध्याकाळी आत घंटी वाजते, दार उघडतं आणि उजळलेलं झाड मुलांना तेव्हाच पहिल्यांदा दिसतं. महिनाभर रोज नजरेसमोर असलेल्या झाडाला हे जमणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

या रीतीमागे एक साधं व्यवहारी कारणही होतं. तोडून आणलेलं झाड उबदार खोलीत दिवसागणिक वाळत जातं, आणि त्यावर लावायच्या त्या खऱ्याखुऱ्या, पेटत्या मेणबत्त्या. त्या थोडाच वेळ पेटवायच्या, शेजारी पाण्याची बादली ठेवायची. असं झाड महिनाभर ठेवणं म्हणजे घराला आग लावून घेणंच. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. पुढे असे दिवे सर्वांच्या आवाक्यात आले, मग न वाळणारी कृत्रिम झाडंही आली, आणि थांबण्याचं एक कारण संपलं.

पण थांबणं म्हणजे नुसतं हात बांधून बसणं नव्हे. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न हे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. ‘नाताळ कधी?’ असं मुलं सारखी विचारत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. आठवड्यातल्या इतर दिवसांसाठी लहान लाल, चार रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या. रोज एक जास्त पेटवायची. आज जगभरच्या चर्चमध्ये दिसणारं चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र इथून आलं. वाट पाहण्याचीही सजावट असू शकते, हे या माणसानं दाखवलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

आणि आपल्याकडची नाचणी! मुंबईपासून गोव्यापर्यंत अनेक ख्रिस्ती घरांत येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पसरट भांड्यांत नाचणी किंवा गहू पेरतात, घटस्थापनेच्या घटासारखे. आठ-दहा दिवस रोज पाणी शिंपडायचं, म्हणजे नाताळपर्यंत गोठ्याभोवती हिरवंगार शेत तयार. मेंढपाळ, गाय, गाढव आधी मांडतात; गव्हाण मात्र रिकामी ठेवतात. बाळ येशूची मूर्ती तिथं येते ती २४ च्या रात्री.

मग सजावटीची तारीख अलीकडे ओढली कुणी? अमेरिकेकडे पाहा. १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी वॉशिंग्टनमधल्या ४८ फुटी झाडाचे दिवे लावले, ते २४ डिसेंबरलाच. सोळाच वर्षांनी, १९३९ मध्ये, चित्र बघा. थँक्सगिव्हिंगचा सण तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी येई, आणि नाताळची खरेदी त्यानंतर सुरू व्हायची असा रिवाज होता. त्या वर्षी शेवटचा गुरुवार ३० तारखेला आला. खरेदीचे दिवस कमी पडतील असं व्यापाऱ्यांनी कळवलं, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी तो २३ ला केला, काहींनी ३० ला, आणि टेक्सासनं दोन्ही दिवशी सुट्टी दिली. अखेर १९४१ मध्ये अमेरिकी संसदेनं चौथा गुरुवार कायम केला. व्यापाऱ्यांना मी दोष देत नाही. दुकान चालवणारा दुकानाचाच विचार करणार. पण सजावटीची तारीख उपासनेच्या हातून निसटून खरेदीच्या हाती कशी गेली, ते इथं स्पष्ट दिसतं.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. खरेदीचा हंगाम २४ ला संपतो, सण मात्र २५ ला सुरू होतो. नाताळ म्हणजे एक दिवस नव्हे; ६ जानेवारीच्या, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंतचे ते बारा दिवस आहेत. कॅथलिक उपासनेत नाताळकाळ त्याही पुढे, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला, क्नूटच्या दिवशी, झाडावरचा खाऊ मुलांना वाटून मग झाड बाहेर काढतात. पोलंडमध्ये जुन्या वळणाची घरं २ फेब्रुवारीपर्यंत झाड ठेवतात. याउलट, दुकानांतली नाताळची गाणी २६ डिसेंबरला बंद झालेली असतात आणि काचेवर नववर्षाच्या सवलतींचे फलक लागलेले असतात. महिनाभर वाजतगाजत ज्याची वाट पाहिली, तो पाहुणा आल्यावर दुसऱ्याच दिवशी आपण दिवे मालवतो.

गोव्यात हे अजून तितकंसं घडलेलं नाही. ६ जानेवारीच्या सुमारास मांडवीकाठच्या रेईश मागूश गावात, चांदर आणि कांसावलीतही, मुलगे मुकुट घालून, राजांचा पोशाख करून घोड्यांवर बसतात आणि गाव त्यांच्या मागून चर्चकडे निघतो. त्या गावांत तोवर कुणी चांदणी उतरवायला शिडी लावत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी या वर्षी लवकर रोषणाई झाली असेल, त्यांना माझी एकच विनंती आहे. जितके दिवस आधी लावली, निदान तितके दिवस नंतरही राहू द्या. आणि जे ख्रिस्ती नाहीत, पण ज्यांच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहतं, त्यांना सांगतो: २५ ला भेटायला जमलं नाही, तर चुकलो असं मानू नका. ६ जानेवारीपर्यंत कधीही जा आणि ‘नाताळच्या शुभेच्छा’ असंच म्हणा.