मधल्या तीन इयत्तांत आपली मुले काय शिकतात?

(वार्षिक सर्वसाधारण सभेच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



दहावी आणि बारावीच्या परीक्षांत उज्ज्वल यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा आपण दरवर्षी सत्कार करतो, त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत छापतो, आणि ते सर्वस्वी योग्यच आहे. परंतु त्या छायाचित्रांकडे पाहताना माझ्या मनात एक प्रश्न उभा राहतो. याच मुलांबरोबर सहावीच्या वर्गात एका बाकावर बसलेली बाकीची मुले कोठे गेली? दहावीचा निकाल दहावीत केवळ जाहीर होतो. तो बहुतांशी सहावी, सातवी आणि आठवी या तीन वर्षांत ठरून गेलेला असतो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी ह्या मधल्या तीन इयत्ताच निवडल्या आहेत.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल ही मोठी परीक्षा होती. ती उतरलेल्यास प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. आज त्या परीक्षेचे नावही मुलांस ठाऊक नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला, आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास आठवीपर्यंतचे शिक्षण हा हक्क म्हणून मिळाला. ही मोठीच गोष्ट झाली. पण कायद्याचे छत्र जेथे संपते तेथेच, म्हणजे आठवीच्या उंबरठ्यावर, आपल्या पूर्वभागातील कित्येक मुलांची शाळाही संपते, हे आपणांपैकी कोणास सांगावयास हवे असे नाही.

आता मुले शिकतात तरी काय? मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीच्या मुलाच्या दप्तरात सात विषय असतात: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, आणि भूगोल. त्याखेरीज कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, ज्यास आपण 'बालभारती' म्हणतो, सहावीची पुस्तके २०१६ साली, सातवीची २०१७ साली आणि आठवीची २०१८ साली नव्याने काढली. मी बोलतो ते ह्या पुस्तकांविषयी. अभ्यासक्रम बदलत राहतात, धड्यांची नावे इकडची तिकडे होतात; परंतु ह्या वयात शिकावयाचा गाभा फारसा बदलत नाही.

पालकांपैकी अनेकांची समजूत अशी, की ही पुस्तके आपल्या आवाक्याबाहेरची आहेत. "आम्ही मागावरची माणसे, आम्हांस त्यातले काय कळणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा प्रतिवाद करण्यासाठीच हे व्याख्यान आहे असे समजावे.

सातवीच्या गणितात समप्रमाण आणि व्यस्त प्रमाण असा एक पाठ आहे. मुले तो घोकतात आणि विसरतात. पण सुताचा नंबर म्हणजे काय, हे आपल्या घरातील कोणताही कारागीर सांगेल. एका पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी निघतात तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरचे एक पौंड सूत १६,८०० यार्ड भरते, तर ४० नंबरचे ३३,६०० यार्ड. म्हणजे नंबर दुप्पट झाला की तितक्याच लांबीच्या सुताचे वजन निम्मे होते. व्यस्त प्रमाण ते हेच. सहावीतला लघुतम साधारण विभाज्य घ्या. चादरीच्या एका पट्ट्यातील नक्षी दर २४ धाग्यांनी पुन्हा येते आणि शेजारच्या पट्ट्यातील दर ३६ धाग्यांनी. तर दोन्ही नक्ष्या एकाच वेळी पुन्हा कोठे सुरू होतील? ७२ व्या धाग्यानंतर. ज्या बापाने आयुष्यभर हा हिशेब डोळ्यांनी केला, तो मुलाच्या वहीत 'ल.सा.वि.' ही तीन अक्षरे पाहून मागे सरतो, यास काय म्हणावे?

आठवीत चक्रवाढ व्याज येते. ते तर माउलींनीच शिकवावे असा विषय आहे. महिन्यास शेकडा तीन रुपये व्याज म्हटले की आपण वर्षास छत्तीस रुपये धरतो. पण व्याज थकून दरमहा मुद्दलात मिळत गेले, तर वर्षअखेर ते शेकडा ४२ रुपये ५८ पैसे होते. हा साडेसहा रुपयांचा फरक पुस्तकातील नव्हे, आपल्या संसारातील आहे. तेरा वर्षांच्या मुलीने तो पाटीवर मांडून आईस दाखविला, तर त्या घरात पुढच्या वेळी कर्ज काढताना दोन प्रश्न अधिक विचारले जातील.

विज्ञानाचेही तेच. सहावीत साधी यंत्रे आहेत, आठवीत आम्ल-आम्लारी आणि त्यांची ओळख पटविणारी दर्शके आहेत, प्रदूषण आहे. रंगाच्या हौदात कॉस्टिक सोडा का टाकतात, हात का सोलवटतात आणि ते पाणी पुढे कोठे जाते, हे प्रश्न मुलाने घरातच पाहिलेले असतात. फक्त धडा वाचताना ते त्यास आठवत नाहीत. संगणकाविषयी तर विशेष सांगावेसे वाटते. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड ह्याने १८०४ साली जो माग सिद्ध केला, त्यात पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक असेल तेथे धागा वर उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. आहे किंवा नाही, ह्या दोनच खुणांत सारी नक्षी साठविलेली असते. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज ह्याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी कार्डांची ही कल्पना जकार्डच्या मागावरूनच उचलली. सोलापुरी चादरीवरील मोर ज्यांनी अशा मागावर उतरताना पाहिला, त्यांच्या मुलांस संगणक परका वाटावा, ह्यापरते आश्चर्य नाही.

येथे आपणांपैकी जाणत्यांस वर्धा योजनेची आठवण होईल. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, महात्मा गांधींनी मूलोद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याची कल्पना तिच्यापुढे मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी सूतकताई व विणकामासारखा उद्योग. कल्पना थोर होती. तथापि प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कताईचा एक वेगळा तास झाला, आणि गणित गणिताच्या जागी कोरडेच राहिले. नंतर कोठारी आयोगाने (१९६४ ते १९६६) कार्यानुभवाची शिफारस केली. त्याचाही वेळापत्रकातील एक रकाना झाला.

आपल्या समाजाचा ह्या योजनेवर एक आक्षेप असे, आणि तो मला आजही रास्त वाटतो. विणकराच्या मुलाने शाळेत जाऊनही पुन्हा विणायचेच, तर शाळा कशास? माझे म्हणणे तसे नाही. मुलाने मागावर बसावे असे मी सुचवीत नाही. मागाचे ज्ञान घेऊन त्याने पुस्तकात शिरावे, एवढेच म्हणतो. ह्या दोहोंतील अंतर आपण विसरता कामा नये. कारण बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास सरसकट बंदी केली. मात्र शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात हातभार लावण्याची मोकळीक ठेवली, तीही धोक्याच्या कामांस वगळून. ही मोकळीक आपल्याकडे फार सैल हाताने वापरली जाते. कांड्या भरता भरता रात्रीचे दहा वाजतात, आणि सकाळी मूल वर्गात पेंगते.

मुलींच्या बाबतीत तर स्पष्टच बोलले पाहिजे. आई विड्या वळते, धाकटी भावंडे सांभाळण्यास कोणी नाही, म्हणून थोरलीची शाळा सातवी-आठवीत सुटते. विडी कारखान्यात विड्यांची छाट काढतात. घरात मात्र मुलीचीच छाट काढली जाते, आणि तिला कोणी छाट म्हणत नाही, जबाबदारी म्हणतात.

इतिहासाविषयी थोडेच सांगतो. सहावीच्या नागरिकशास्त्रात मूल नगरपालिका म्हणजे काय ते शिकते, आणि आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंगाच्या प्रकरणात सोलापूरचा सत्याग्रह वाचते. ह्याच नगरपालिकेवर १९३० साली तिरंगा चढला, शहरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्यास फासावर गेले. दोन इयत्तांतील हे दोन धडे एकाच इमारतीविषयी आहेत. मुलाचा हात धरून त्यास तेथवर नेले, तर परीक्षेसाठी वेगळे पाठांतर करावे लागणार नाही.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, त्यावर हिंदी आणि इंग्रजी, अशा चार भाषांचे ओझे आपले मूल वाहते, असे आपण म्हणतो. मी त्यास ओझे म्हणत नाही. 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द मराठीत जो, तोच तेलुगूत. त्रिकोणास तेलुगूत त्रिभुज म्हणतात आणि हिंदीतही त्रिभुजच म्हणतात. म्हणजे आजीच्या भाषेची जाण असलेल्या मुलास हिंदीच्या पुस्तकातील शब्द निम्मा आधीच येतो. सातवाहनांचा धडा सहावीत आहे. पैठणपासून आंध्रापर्यंत ज्यांची सत्ता पसरली, त्यांच्या राज्यात ह्या दोन्ही भाषांचा मुलूख एकत्र होता, हे आपल्या मुलांइतके सहज दुसऱ्या कोणास उमगेल? खेद एवढाच, की बोलीतील तेलुगू टिकली असली तरी लिपी घराघरांतून नाहीशी होत चालली आहे. ज्या वडीलधाऱ्यांस ती येते त्यांनी रविवारी तासभर वाचनालयात बसावे, अशी माझी विनंती आहे.

पालकांस पुस्तक वाचता येत नसले, तरी हल्ली पाठ्यपुस्तकावर चौकटीची एक खूण छापलेली असते. दूरध्वनीच्या पडद्यावर ती धरली की धडा ऐकता व पाहता येतो. ह्या खुणांचा उपयोग शाळेत प्रथम करणाऱ्यांपैकी एक शिक्षक आपल्याच जिल्ह्यातील, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे श्री. रणजितसिंह डिसले होत; डिसेंबर २०२० मध्ये त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आपल्या घरातील दूरध्वनी नाटके-सिनेमे पाहण्यास जितका वेळ देतो, त्याच्या दशांश ह्या कामी दिला तरी पुष्कळ.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची एक शिष्यवृत्ती आहे, ती एन.एम.एम.एस. ह्या नावाने ओळखली जाते. आठवीत परीक्षा होते, आणि निवड झालेल्यास नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, सातवीत ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींस सवलत आहे), आणि मूल शासकीय, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असले पाहिजे. विनाअनुदानित शाळेतील मुलास ती मिळत नाही, हे ऐपतीबाहेर फी भरून शाळा बदलण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. दोन प्रश्नपत्रिकांपैकी एक बुद्धिमत्तेची. दुसरीत ९० प्रश्न, त्यांत सामान्य विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०, आणि ते सर्व सातवी-आठवीच्या पुस्तकांवर. म्हणजे ज्या वर्षांत आपण मुलांकडे लक्ष देत नाही, नेमकी तीच वर्षे ही परीक्षा तपासते.

माझी संस्थेस सूचना अशी. नारळी पौर्णिमेच्या रथोत्सवासाठी आपण जी वर्गणी ज्या शिस्तीने गोळा करतो, तिच्या अल्पशा भागातून सातवीच्या मुलांसाठी सायंकाळचा एक वर्ग चालवावा. सत्कार दहावीचा जरूर व्हावा. पण जे मूल सहावीत नापास होण्याच्या बेतात असून आठवी नीट उतरले, त्याचेही नाव ह्या व्यासपीठावरून वाचले जावे. आणि ज्यांची मुले यंदा सातवीत आहेत त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आत्ताच करून ठेवावा. तहसील कचेरीत त्यास दिवस लागतात, आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.