झिम्म्याला दोघी लागतात

आज हलक्याफुलक्या विषयावर बोलू या: मराठी सिनेमातल्या मैत्रिणी. हलकाफुलका म्हणते खरं, पण मी पडले आयटी कन्सल्टंट, वर एमबीए. त्यामुळे साड्या आणि गाणी बघून झाली की माझं लक्ष जातं पडद्यावर शेवटी सरकणाऱ्या नावांकडे. पैसे कोणी घातले? लिहिलं कोणी? घरचे उठून चहा टाकायला जातात, मी मात्र नावं संपेपर्यंत बसून असते.

तर 'झिम्मा'. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी दोनदा पाहिलाय हे मला माहीत आहे. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या घरांतल्या सात बायका एका टूर मॅनेजरबरोबर सहलीला निघतात आणि येतात कुठे, तर आपल्याकडे, इंग्लंडात. सुहास जोशी, निर्मिती सावंत, सुचित्रा बांदेकर, क्षिती जोग, सोनाली कुलकर्णी, सायली संजीव, मृण्मयी गोडबोले. मॅनेजर सिद्धार्थ चांदेकर. बस, हॉटेल, रुसवेफुगवे, हसणं, थोडं रडणं. बास, एवढीच गोष्ट.

आता ती बाजारात कधी आली ते बघा. १९ नोव्हेंबर २०२१. कोरोनामुळे प्रदर्शन आधीच लांबलेलं. महाराष्ट्रातली थिएटरं २२ ऑक्टोबरला उघडली होती, तीही निम्म्या खुर्च्यांवर. मोठा हिरो नाही, मारामारी नाही, आणि मुख्य पात्रांमधली सगळ्यात थोरली सत्तरीपार. हा प्रस्ताव घेऊन कोणी माझ्याकडे आलं असतं, तर मी सभ्यपणे म्हटलं असतं, 'छान आहे, सहा महिन्यांनी भेटू.'

निर्मात्यांच्या यादीत क्षिती जोगचं नाव आहे. म्हणजे जी बाई पडद्यावर घराच्या धाकात विरघळून गेलेली, स्वतःचं मत विसरलेली मीता आहे, तीच पडद्यामागे पैशांच्या जबाबदारीत उभी आहे. दिग्दर्शक तिचा नवरा, हेमंत ढोमे. लेखिका इरावती कर्णिक. मला या सिनेमातली खरी गंमत इथे वाटते. मीता इंग्लंडात येऊन हळूहळू 'मला काय हवं' हे बोलायला शिकते. क्षिती जोगनं ते आधीच बोलून, करून दाखवलेलं असतं.

आपल्याकडे सिनेमातल्या बाईनं 'मला हवं' म्हणणं नवीन नाही. शांता आपटे १९३९ साली करारावरून भांडण झालं म्हणून पुण्यात प्रभात स्टुडिओच्या दाराशी उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं. दुर्गा खोट्यांनी तर पुढे स्वतःची निर्मितिसंस्थाच काढली. 'वागळे की दुनिया' तिचंच. पण शांताबाईंचं ते दारात बसणं आठवलं की मला एकच दिसतं: बाई एकटी आहे.

आणि झिम्मा एकटीनं खेळता येत नाही. मंगळागौरीला पाहिलंय ना तुम्ही? समोर दुसरी लागते, तिच्या हातावर टाळी द्यावी लागते, आणि ती चुकली की आपलाही ताल जातो. नाव ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलंय.

हीच गोष्ट तिकीटखिडकीवर दिसली, आणि इथे माझ्यातली एमबीए जागी होते. अशा सिनेमाला बाई एकटी जात नाही. ती भिशीतल्या सगळ्यांना घेऊन जाते, जावेला नेते, शेजारणीला नेते, आणि नंतर आईला घेऊन परत जाते. एवढी स्वस्त जाहिरात कुठल्याही एजन्सीला जमणार नाही. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा तर बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरात नाचल्या. सहा बहिणींची, मंगळागौरीच्या स्पर्धेची गोष्ट. लेखिका वैशाली नाईक, निर्मात्यांत माधुरी भोसले. त्या सिनेमानं ७० कोटींच्या वर धंदा केला. 'बायकांचे सिनेमे चालत नाहीत' हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकवणाऱ्यांनी त्या वेळी काय केलं असेल याचा विचार करून मला आजही बरं वाटतं. अर्थात दिग्दर्शकाच्या खुर्चीत दोन्हीकडे पुरुषच आहेत, हेमंत ढोमे आणि केदार शिंदे. दोघांनी काम उत्तम केलंय. तरी मोजते मी.

मैत्री आणि महत्त्वाकांक्षा एकाच बसमध्ये नेहमी गुण्यागोविंदानं बसतात असं मात्र नाही. इथलंच उदाहरण घ्या. यॉर्कशरमधल्या रिलस्टोनच्या महिला मंडळातल्या, म्हणजे विमेन्स इन्स्टिट्यूटमधल्या, अकरा मैत्रिणींनी १९९९ मध्ये एक कॅलेंडर काढलं. एकीचा नवरा कॅन्सरनं गेला होता, त्याच्या आठवणीत निधी जमवायला. कॅलेंडर कसं होतं ते मुलं ऐकत असतील म्हणून सांगत नाही. त्यावर २००३ मध्ये हेलन मिरन आणि ज्युली वॉल्टर्सचा 'कॅलेंडर गर्ल्स' आला. सिनेमात प्रसिद्धीपायी दोन जिवलग मैत्रिणींत दुरावा येतो आणि शेवटी मिटतो. प्रत्यक्षात सिनेमाच्या हक्कांवरून त्या अकरा जणींत दोन तट पडले, सहा एकीकडे, पाच दुसरीकडे. ज्या मैत्रीवर सिनेमा निघाला, तिला सिनेमानंच तडा दिला.

'झिम्मा'त असं काही होत नाही. तिथे भांडणं चहाच्या कपाएवढी आहेत आणि गाणं लागलं की संपतात. मला ते थोडं सोपं वाटलं, आणि मी तसं बोललेही, सासूबाईंसमोर. त्या दरवर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. आम्ही दोघी सोफ्यावर बसून पाहत होतो. त्या म्हणाल्या, "सोपं कुठे आहे? ती निर्मला नवऱ्याला विचारल्याशिवाय बॅग भरते, हे बघितलंस ना?" मग थोड्या वेळानं, टीव्हीकडेच बघत, "मी इथे अकरा वेळा आले. दर वेळी तिकीट यांनी नाहीतर तुम्ही काढलंत. मला एकदा स्कॉटलंड बघायचंय, शेजारच्या सुमनबरोबर."

मी अकरा वर्षांत त्यांना हे कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. यंदा मे महिन्यात दोघी एडिनबरोला जाऊन आल्या. माझे सासरे पाच दिवस रोज फोनवर विचारत होते, साखर कुठल्या डब्यात आहे.

'झिम्मा २' नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. इंदूच्या पंचाहत्तरीसाठी सगळ्या पुन्हा इंग्लंडात, या वेळी लेक डिस्ट्रिक्टला. सोनाली आणि मृण्मयी त्यात नाहीत. रिंकू राजगुरू आणि शिवानी सुर्वे आल्या. मध्येच, २०२२ मध्ये, याच मंडळींनी इथे शिकायला आलेल्या मुलावर 'सनी' केला. म्हणजे आपल्या देशात, हो, आता आपलाच म्हणायचा, लागोपाठ तीन मराठी सिनेमे.

आता माझी एक तक्रार. त्यांच्या बसला तळी दिसतात, हिरवळ दिसते, आणि ऊन तर इतकं दिसतं की आमची मुलगी विचारत होती हे नक्की इंग्लंड आहे का. पण त्या बसला आपण दिसत नाही. इथे १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. तिसऱ्या भागात ती बस एकदा डॉलिस हिलला थांबवा. निर्मलाताईंना पोहे आम्ही देऊ, आणि झिम्म्याला जोडीदारीण कमी पडली तर सासूबाई तयार आहेत. मी विचारलंय.