फावला वेळ आणि अपुरीं कामें

आपल्या शिवणाच्या पेटींत अर्धवट राहिलेलीं कामें किती आहेत, हें एकदां उघडून पाहावें. माझ्या पेटींतून गेल्या थंडींत चार निघालीं : एकाच बाहीचा स्वेटर, बेतून ठेवलेलें पोलकें, जुन्या लुगड्यांची अर्धी गोधडी आणि बहिणीच्या तान्ह्या मुलासाठीं आरंभिलेलें झबलें. झबलें पुरें केलें, तों त्याचे बंद बाळाच्या पाठीवर मिळेनात!

‘एका वेळीं एकच काम’ हा उपदेश खरा. पण आपला फावला वेळ तरी एकाच जातीचा कोठें असतो? कापड बेतण्यास मोकळी जमीन आणि सलग दोन तास हवेत. काजें, बटणें, हातशिलाई यांना अर्धा तास पुरतो, पण उजेड चांगला लागतो. साधें सुलट-उलट विणकाम मात्र डाळ शिजेपर्यंतही चार ओळी पुढें सरकतें. म्हणून कामें अनेक असावींत, परंतु प्रत्येक जातीचें एकच. पहिला स्वेटर उतरल्यावांचून दुसरा सुईवर चढवूं नये.

विणकाम ओळीच्या मध्येंच सोडूं नये. झालेल्या ओळींचा आंकडा चिठीवर लिहून ती लोकरींत खोंचावी. एरवीं मिळालेला वेळ टाके मोजण्यांतच संपतो. लोकरही एकदमच घ्यावी. मागाहून आणलेलीचा रंग तंतोतंत जुळेलच असें नाहीं.

आणि आधीं कोणतें काम? ज्याला थांबतां येत नाहीं त्याचें. गोधडी वर्षभर वाट पाहते; बाळ पाहात नाहीं.